पाणी नाही

१

जेमायमाबाई झिराडकर स्वतःच्या स्वयंपाकघरात मरून पडल्या होत्या. ज्या वरवंट्याने त्यांचं डोकं फुटलं, तो त्यांनीच बोटीच्या ट्रंकेत घालून कोकणातून इस्रायलमध्ये, रामल्याला आणला होता. इथे कशाला एवढं ओझं, असं तेव्हा सगळे म्हणाले होते म्हणे.

बाईंचा भाचा अव्नेर त्यांच्याजवळच राहत असे. बहीण लवकर गेली आणि तिचा मुलगा बाईंनी वाढवला. संध्याकाळी तो सिमेंटच्या कारखान्यातून घरी आला, दार उघडलं आणि ओरडला. जिन्यावरचे लोक धावत आले, पण उंबऱ्याबाहेरच थबकले. हे त्याचं म्हणणं.

सरकारी वकिलांचं म्हणणं निराळं होतं. दुपारच्या सुट्टीत अव्नेर घरी आला होता. समोरच्या मलकाबाईंनी आतलं भांडण ऐकलं. त्यानंतर जेमायमाबाईंना जिवंत कुणी पाहिलं नाही. अव्नेरला शोशी नावाच्या मोरोक्कोहून आलेल्या घरातल्या मुलीशी लग्न करायचं होतं आणि मावशी आडवी येत होती, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. शिवाय त्या दिवशी दुरुस्तीसाठी नळ बंद राहणार होते, म्हणून घरोघर पाणी भरून ठेवलेलं होतं. जेमायमाबाईंच्या घरात मात्र हंडा, कळशी, माठ, सगळं रिकामं, आणि मोरीजवळच्या फरशीच्या खाचांत अजून पाणी. खुन्याने हात धुतले, फरशी धुतली. अव्नेरच्या पिशवीत ओला शर्ट सापडला.

प्रत्यक्ष कुणी काही पाहिलं नव्हतं. पण कडीत कडी अशी बसत गेली होती की साखळी ओढली तर तिच्या टोकाला अव्नेरच येई.

मी त्या वेळी अश्दोदला राहत होतो. मुंबईतल्या एका वाचनालयात आयुष्य काढून इथे येऊन बसलेला म्हातारा, आमच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यू लोकांत सगळ्यांचा 'मास्तर'. १९७२चा उन्हाळा होता. अव्नेरची वकील रिव्का हिने मला बोलावून घेतलं आणि बसायलाही न सांगता म्हणाली, "तुम्हाला मराठी येतं, आणि तुम्हाला दुसरं काम नाही. रामल्याला जा. साक्षीदार माझ्याशी बोलत नाहीत, तुमच्याशी बोलतील."

"मला लोकांशी बोलता येत नाही," मी म्हणालो.

"पुस्तकांशी येतं, असं ऐकलं. त्या मुलाला जन्मठेप झाली की त्याला पुस्तकं नेऊन द्या."

मी गेलो.

२

जिन्यात पहिल्याच मजल्यावर कुणीतरी वरून विचारलं, "कोण ते? खुन्याचे मास्तर आले काय?" आणि दोन दारं आपटून बंद झाली.

मलकाबाईंचं दार उघडं होतं. उंच, थोराड हाडाच्या, पांढऱ्या नऊवारीतल्या बाई. त्यांनी मला आत बोलावलं नाही. कोपऱ्यातल्या माठातून पेला भरला आणि माझ्यासमोर उंबऱ्यावर ठक्कन ठेवला. माठ रामल्याच्या जुन्या बाजारातल्या अरब कुंभाराकडचा होता. पाण्याने गच्च भरलेला आणि बाहेरून ओलसर.

"प्या," त्या म्हणाल्या. "दारात आलेल्याला पाणी देते मी, मग तो कोणी का असेना. पिऊन झालं की चालते व्हा."

मी पाणी प्यालो. उभ्या उभ्याच विचारलं, "त्या संध्याकाळी तुम्ही आत गेला होता?"

"उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही. बाहेरूनच दिसली, पडलेली. मग पोलीस आले." त्यांचा आवाज एकदम चिरला. "या इमारतीत मेलेल्या प्रत्येक बाईला मी शेवटची आंघोळ घातली, मास्तर. मुंबईतसुद्धा मलाच बोलवायचे. आणि जेमायमाला, माझ्या जेमायमाला, हात लावू दिला नाही मेल्यांनी."

"दुपारी भांडण ऐकलंत, त्यातले शब्द…"

"शब्द कसले? ओरडणं ऐकलं. ती ओरडत होती. मग गप्प झाली. आता तुम्हीच काय ते समजा, शिकलेले आहात ना?"

इतक्यात त्यांचे यजमान सामाजी जिना चढून आले. घामाघूम, पण बोलायला उत्सुक.

"काय मास्तर, हिने चहा नाही दिला ना? नशीबवान आहात. अहो, त्या दिवशीचं तर विचारूच नका. सकाळी मी सगळी भांडी काठोकाठ भरून कामावर गेलो. रात्री बघतो तर घरात थेंब नाही! जेवायच्या आधी हात कशाने धुतले माहीत आहे? सोड्याने! बाटली फोडून! ब्राखाची प्रार्थना म्हणताना बोटं चरचरत होती."

"मयताच्या घरासमोर दात काढता?" मलकाबाई कडाडल्या.

सामाजी चपला काढून आत गेले. घरात थेंब नव्हता, याचं मला नवल वाटलं नाही. शेजारी मृत्यू झाला की आसपासच्या घरांतलंही भरलेलं पाणी ओतून टाकायचं, ही आमची जुनी रीत. मृत्यूचा दूत आपली सुरी जवळच्या पाण्यात धुतो, असं म्हातारी माणसं सांगत. संध्याकाळी प्रेत सापडलं, मलकाबाईंनी पाणी ओतलं, रात्री सामाजींनी सोड्याने हात धुतले. सरळ होतं.

खाली उतरताना त्यांची मुलगी जूडिथ भेटली. मी मराठीत विचारलं, तिने हिब्रूत उत्तर दिलं.

"जेमायमा मावशी? लहानपणी त्यांनी माझ्या तोंडात साखर घातली होती. ही माझी सून, म्हणाल्या. तेव्हापासून आई माझी लग्नाची हिरवी साडी सांभाळून ठेवते आहे. मला किंवा अव्नेरला कुणी विचारलं होतं का? नाही. तुम्हीही विचारू नका."

३

अश्दोदच्या बसमध्ये मला पाण्याची गोष्ट सुचली आणि मी उतरून परत रिव्काच्या कचेरीत गेलो. असं धाडस मी क्वचितच करतो.

"हात धुवायला कुणी हंडा, कळशी आणि माठ, तिन्ही रिकामे करत नाही," मी म्हणालो. "ते पाणी ओतलं गेलं, मृत्यूच्या रीतीने. पोलीस आले तेव्हा भांडी रिकामी होती आणि तोवर कुणी आत गेलं नव्हतं. म्हणजे ज्याने खून केला, त्यानेच नंतर पाणी ओतलं. तो माणूस बेने इस्रायल आहे, जुन्या रीतींचा."

रिव्काने लेखणी खाली ठेवली. "अव्नेर कोण आहे? स्वीडिश?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"आतापर्यंत सरकारी वकील म्हणत होते, कुणीतरी हात धुतले. कुणीही धुतले असतील, असं मी म्हणू शकत होते. आता तुम्ही मला सांगता की खुनी तुमच्याच लोकांपैकी आहे, आणि मेलेल्या बाईविषयी त्याच्या मनात इतकी माया आहे की मारल्यावर तिची रीतही त्याने केली. असा माणूस कोण? तिने वाढवलेला भाचा!" ती उठून खिडकीशी गेली. "हे दुसऱ्या कुणाला सांगितलंत?"

"नाही."

"देवाची कृपा. तुम्ही गळफास आवळून आलात आणि वर शाबासकी मागता."

४

अव्नेर तुरुंगात जाळीपलीकडे बसला होता. रुंद खांद्यांचा, चेहरा मात्र लहान मुलासारखा रागावलेला.

"तुम्ही त्यांच्यातले," तो हिब्रूत म्हणाला. "मला वाढदिवसाला पुऱ्या खाऊ घालणारे सगळे आता माझ्याविरुद्ध साक्ष देताहेत. तुम्ही काय खाऊ घालणार?"

"भांडण कशावरून झालं?"

"भांडण झालंच नाही. मावशी हो म्हणाली." 'मावशी' हा एकच शब्द त्याने मराठीत उच्चारला. "ती रडली तरी ओरडायची, हसली तरी ओरडायची. म्हणाली, तुझ्या त्या पोरीला आजच चहाला बोलाव, तिला माझ्यासमोर आण. मी कारखान्यातून शोशीच्या दुकानात फोन केला, जा म्हणून. ती गेली. दार कुणी उघडलं नाही. आता सरकारी वकील म्हणतो, प्रेत दुसऱ्या कुणाला सापडावं म्हणून मी तिला पाठवलं."

"आणि शर्ट?"

"सिमेंटमध्ये काम करतो मी. घरी नळ बंद होते, म्हणून कारखान्यातच धुतला."

मी जरा घुटमळून विचारलं, "घरात कुणी मेलं तर आपल्यात काय काय करतात?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "पुरतात."

"आणखी?"

"आई गेली तेव्हा मी दूध पीत होतो. नंतर घरात कुणी मेलं नाही. मावशीचाच दफनविधी पहिल्यांदा पाहिला, आणि तेव्हा मला बेड्या होत्या. कसली परीक्षा घेता माझी?"

त्याला माहीत नव्हतं. मला तशी खात्री वाटली. पण माहीत नसणं सिद्ध कसं करायचं? न्यायाधीश म्हणतील, माहीत नसल्याचं सोंग कुणीही आणू शकतो. आणि माझी खात्री ती काय? आयुष्यात मी माणसांपेक्षा त्यांच्याविषयी लिहिलेलंच जास्त वाचलं आहे.

उठताना त्याने जाळीवर बोट आपटलं. "शोशीला भेटा. आणि तिला सांगा, वाट बघू नको."

५

शोशी शिवणाच्या दुकानात काम करत होती. मशीन न थांबवता ती बोलली.

"इंडियन लोकांबद्दल विचारायचंय? विचारा. त्याच्या मावशीने वर्षभर माझं नाव घेतलं नाही, 'ती' म्हणायची. आणि ती समोरची बाई! त्या दुपारी खमसीनचा गरम वारा सुटला होता. घसा सोलून निघाला होता. मी मावशीचं दार वाजवून दमले. समोरचं दार उघडलं. मी म्हटलं, थोडं पाणी द्या. तर म्हणाली, पाणी नाही. हिब्रूत तेवढंच येतं बहुतेक तिला. मांजरालासुद्धा देतात हो पाणी."

मी खुर्चीत सरसावून बसलो. "तू हे आधी कुणालाच…"

"आधी विचारलं कुणी? पोलिसांनी विचारलं, मावशीच्या घरात गेली होतीस का? मी म्हटलं नाही. ते म्हणाले, पुरे, जा."

"दारातून माठ दिसत होता?"

"मातीचा ना? कोपऱ्यात. दिसत होता की! म्हणून तर राग आला."

"कसा दिसत होता? ओला? काळपट?"

तिने पहिल्यांदाच मशीन थांबवलं. "नाही. कोरडा. पांढरट. भट्टीतून आत्ताच काढल्यासारखा."

"आणि बाई?"

"तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. सारखी मावशीच्या दाराकडे बघत होती."

मी बाहेर आलो, आणि रस्ता ओलांडताना एका ट्रकवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. मलकाबाईंनी उंबऱ्यावर ठेवलेला तो पेला माझ्या डोळ्यांसमोर होता. माझा तिरस्कार करणाऱ्या बाईने मला आधी पाणी दिलं होतं. ती शोशीला शिव्या देईल, दार लावील, पण असलेलं पाणी नाही म्हणणार नाही.

मग खरंच नव्हतं.

६

"सावकाश सांगा," रिव्का म्हणाली. "आणि या वेळी माझ्या अशिलाला वाचवणारं काहीतरी सांगा."

"सकाळी सामाजींनी घरातली सगळी भांडी भरली. दुपारी शोशी आली तेव्हा माठ नुसता रिकामा नव्हता, वाळलेला होता. म्हणजे बराच आधी ओतलेला. नळ बंद असताना कोण भरलेलं पाणी ओतील? शेजारी मृत्यू झाला आहे, हे ज्याला ठाऊक आहे तो. प्रेत सापडलं संध्याकाळी. मलकाबाईंना दुपारीच ठाऊक होतं. अव्नेर त्यांच्या घरात जाऊन त्यांचा माठ ओतणार नाही. दोन्ही घरांतलं पाणी एकाच हाताने ओतलं."

"का? मारल्यावर गुपचूप घरी जायचं सोडून?"

"जन्मभर हेच केलं त्यांनी. कुणी मेलं की आधी पाणी. हाताला सवय असते. आणि ते पाणी ठेवून पिणं त्यांना जमलं नसतं."

"कारण?"

मी जूडिथच्या तोंडातली साखर सांगितली. त्या दुपारी जेमायमाबाईंनी अव्नेरला हो म्हटलं, म्हणजे मलकाबाईंना दिलेला शब्द मोडला. आणि त्या तो मोडल्याचं सांगायला लगेच गेल्या असणार. मैत्रिणीला आनंदाची बातमी पहिली सांगायची, एवढंच त्यांच्या मनात असेल.

रिव्काने कागदावर दोन ओळी खरडल्या. मग म्हणाली, "ती म्हणेल, कपडे धुतले. म्हणेल, त्या पोरीचा राग होता म्हणून पाणी दिलं नाही. एका वाक्यात सुटेल."

"राग होता म्हणून दिलं नाही, असं त्या म्हणणार नाहीत. कोर्टाच्या गॅलरीत आमच्या सगळ्या बायका बसतात."

"यावर मी एका माणसाचं आयुष्य पणाला लावू?"

"मी चुकतही असेन," मी म्हणालो. खरंच तसं वाटत होतं.

७

तेल अवीवच्या कोर्टात तीन न्यायाधीश बसले होते. गॅलरी पांढऱ्या लुगड्यांनी भरलेली. मी रिव्काच्या मागे बसलो तेव्हा पाठीमागून कुणीतरी हळू पण स्पष्ट म्हणालं, "लाज नाही या म्हाताऱ्याला."

मलकाबाई ताठ उभ्या होत्या. दुभाषा त्यांचं मराठी हिब्रूत सांगत होता. रिव्काने भांडणाबद्दल काही विचारलं नाही, वरवंट्याबद्दल नाही.

"त्या दुपारी शोशी तुमच्या दारात आली होती?"

"आली होती."

"तिने पाणी मागितलं?"

"मागितलं."

"तुम्ही दिलं नाही."

"नाही."

"ती तुमच्यातली नाही म्हणून?" रिव्का गॅलरीकडे वळली आणि आवाज चढवला. "म्हणजे मलकाबाईंच्या दारातून तहानलेली मुलगी हाकलली जाते. जातीची नसली तर. हे इथे बसलेल्या सगळ्यांनी ऐकावं."

दुभाषाचं वाक्य पुरं होण्याआधीच गॅलरीत कुजबूज झाली. मलकाबाईंचा चेहरा लाल झाला.

"जीभ आवर गो!" त्या गरजल्या. "माझ्या दारातून कुत्रंसुद्धा तहानलेलं गेलं नाही कधी! विचार यांना, सगळ्या बसल्यात! घरात पाणी नव्हतं म्हणून नाही म्हटलं!"

"सकाळी तुमच्या नवऱ्याने काठोकाठ भरलेलं?"

मलकाबाईंनी दुभाषाकडे पाहिलं.

"माठ वाळला होता, बाई. त्या पाण्याचं काय केलंत?"

मलकाबाईंनी तोंड उघडलं. कपडे धुतले, एवढं म्हटलं की झालं असतं. मी मान खाली घालून वाट पाहत होतो, आणि खरं सांगायचं तर त्यांनी ते म्हणावं असंही मला क्षणभर वाटलं. पण त्या गॅलरीकडे बघत होत्या. मीही वळून पाहिलं. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला होता, मयताच्या घरी घेतात तसा. मग तिच्या शेजारणीने. मग मागच्या रांगेत. दुभाषा मुंबईत वाढलेला इराणी होता, त्याला काही कळेना. सरकारी वकिलालाही नाही. बायकांना कळलं होतं.

मधले न्यायाधीश वयाने मोठे, पोलंडचे. ते पुढे वाकले. "माझी आजी शेजारी कुणी मेलं की बादल्या रिकाम्या करायची," ते हळूच म्हणाले, जणू स्वतःशीच. मग सावरून म्हणाले, "साक्षीदाराला सांगा, या प्रश्नाचं उत्तर देण्याची तिच्यावर सक्ती नाही."

दुभाषाने सांगितलं. मलकाबाईंनी ते ऐकलंच नाही. त्या बायकांशी बोलत होत्या.

"मग कोणी ओतायचं तिच्या घरचं? त्या पोराला ठाऊक आहे का काही? तिला आंघोळ घालायला मिळणार नव्हती, ते मला कुठे माहीत होतं? निदान पाणी तरी…" त्यांनी कठडा धरला. "हसत आली होती मला बोलवायला. चहाला चल म्हणाली, माझी सून येते आहे. माझी सून! मी तिच्यामागून तिच्या स्वयंपाकघरात गेले, पाट्यावर ओलं खोबरं तसंच होतं. मी म्हटलं, माझ्या जूडिथच्या तोंडातली साखर? तर म्हणते, अगो, ती कधीच विरघळली. आणि हसली."

दुभाषा मध्येच अडखळला आणि थांबला. मोठे न्यायाधीश त्याला म्हणाले, "सांगा. सगळं सांगा."

आरोपीच्या पिंजऱ्यात अव्नेरने दोन्ही हातांनी कान झाकून घेतले होते.

८

अव्नेर सुटला, मलकाबाई आत गेल्या. त्याने माझे आभार मानले नाहीत. तुरुंगाच्या फाटकाशी म्हणाला, "त्या बाईच्या हातचं जेवलो आहे मी दर शनिवारी," आणि शोशीचा हात धरून निघून गेला. रिव्काने मला एका ओळीचं पत्र पाठवलं: चुकला नव्हतात.

बाईंना जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा अव्नेरचा निरोप आला. मावशीच्या वर्षश्राद्धाला मलिद्याचं ताट मांडायचं होतं. पोहे, खोबरं, फळं कशी मांडायची, त्याला माहीत नव्हतं आणि इमारतीतलं कुणी त्याच्या घरी येत नव्हतं. तेव्हा मी यावं.

पुन्हा खमसीनचे दिवस होते. जिना चढेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी कठड्याला धरून उभा राहिलो. समोरचं दार उघडं होतं. दारात जूडिथ होती, आईसारखीच उंच. आत सामाजी भिंतीकडे तोंड करून बसले होते.

काय बोलतो आहे हे कळण्याआधीच मी बोलून गेलो, "बाळ, जरा पाणी देतेस?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग, आजवर मला नेहमी हिब्रूत उत्तर देणारी ती मुलगी, स्वच्छ मराठीत म्हणाली, "पाणी नाही."

तिने दार लावलं नाही. उलट बाजूला सरली, मला दिसावं म्हणून. कोपऱ्यात माठ होता, काळपट, ओला. त्याच्या अंगावरून पाण्याचे थेंब हळूहळू खाली ओघळत होते.